खुंटी, खिडकी, खाट, खण

सामान बांधण्याच्या कलेवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. खोली सोडण्याच्या कलेवर मात्र फारसे कुणी लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही. वास्तविक प्रवासातला खरा धोका या दुसऱ्या प्रसंगी असतो. घरून निघताना काही राहिले तर ते घरातच राहते आणि परतल्यावर जागच्या जागी सापडते. मुक्कामाची खोली सोडताना राहिले तर ते अशा ठिकाणी राहते, जिथला आपला हक्क किल्ली परत केल्याच्या क्षणी संपलेला असतो. दुपारनंतर त्याच पलंगावर दुसराच कुणी बसून मोजे काढत असतो.

आमच्या तीर्थरूपांना, म्हणजे अण्णांना, ही गोष्ट पुरेपूर उमगलेली होती. पाटबंधारे खात्यातली नोकरी, तीन-चार वर्षांनी ठरलेली बदली आणि वर्षातून एकदा कुठल्यातरी क्षेत्री किंवा लग्नाला सहकुटुंब प्रवास, यामुळे विश्रामगृहे, धर्मशाळा आणि लॉज यांचा त्यांना दांडगा अनुभव होता. निघताना ते सामानाचे ‘डाग’ मोजत. डाग म्हणजे नग, हे आज सांगावे लागते. होल्डॉल एक, पत्र्याची ट्रंक दोन, फिरकीचा तांब्या तीन, फराळाचा डबा चार, असे करीत करीत शेवटी आम्हा भावंडांवर बोट ठेवून ‘सात आणि आठ’ म्हणत. आम्हीही एकेक डाग होतो आणि त्यात काही गैर आहे असे त्या काळी आम्हाला वाटत नसे.

पण डाग मोजणे ही निम्मी खबरदारी झाली. डाग मोजल्याने बांधलेले सामान हरवत नाही. जे बांधलेच नाही, त्याचे काय? त्यासाठी अण्णांनी एक मंत्र तयार केला होता : खुंटी, खिडकी, खाट, खण. सगळ्यांना बाहेर काढून ते एकटे खोलीत परत जात. खुंटीवर दाराआड टॉवेल राहतो, खिडकीत वाळत घातलेला लंगोट राहतो, खाटेखाली चपलेचा एक पाय राहतो, आणि खणात काय राहील याचा नेम नाही. मोरीला ‘ख’ नाही, म्हणून ती वेगळी लक्षात ठेवायची, असे ते बजावत. आम्ही बाहेर टांग्यात किंवा रिक्षात चुळबुळत बसलेलो असू. ‘‘खोलीला पाठ दाखवण्याआधी एकदा तोंड दाखवून यावं,’’ असे म्हणत ते सावकाश बाहेर येत, बहुधा हातात आईची एखादी केसातली पिन घेऊन.

मोठे झाल्यावर आम्ही या मंत्राची यथेच्छ टिंगल केली. पुढे नोकरीच्या निमित्ताने आम्हीही बऱ्याच हॉटेलांत राहिलो आणि प्रत्येक ठिकाणी काही ना काही ठेवून आलो. भिंतीच्या रंगाचा चार्जर भिंतीतच राहतो, कारण दोन दिवसांत तो भिंतीचाच भाग होऊन जातो. पांढरा सदरा पांढऱ्या पलंगपोसावर राहतो. कपाटातल्या तिजोरीत जपून ठेवलेले पाकीट राहते. किंबहुना जपून ठेवलेली वस्तूच हमखास राहते, कारण जपणे म्हणजे नजरेआड करणे, आणि नजरेआड केलेल्या गोष्टीची आठवण खोली करून देत नाही. या सगळ्या वस्तूंची किंमत आम्ही मनातल्या मनात चुकती केली आणि नवीन घेतल्या. त्यांच्यासाठी आम्ही कधी फोन केला नाही. जिच्यासाठी फोन केला, त्या वस्तूला बाजारात किंमत शून्य होती.

अण्णा २०१८ च्या नोव्हेंबरात गेले. पाचव्या दिवशी अस्थी घेऊन आम्ही आणि आमचे धाकटे बंधू पुण्याहून नाशिकला निघालो. निघताना आईने अण्णांचा चष्मा रुमालात गुंडाळून आमच्या हाती दिला. ‘‘हाही सोडा बरोबर,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच्याशिवाय त्यांना दारही दिसायचं नाही.’’ आईच्या या बोलण्यात तर्क शोधण्याची ती वेळ नव्हती आणि आम्ही तो शोधलाही नाही.

रात्री उशिरा पंचवटीत पोहोचून आम्ही एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली. सकाळी रामकुंडावर विधी झाला. कुंडातल्या अस्थिविलय नावाच्या जागी अस्थी सोडतात. तिथल्या पाण्यात त्या विरून जातात, अशी श्रद्धा आहे. अस्थी सोडून झाल्यावर आम्ही खिशातून रुमाल काढला तेव्हा गुरुजींनी हात आडवा केला. ‘‘अस्थी विरतात, काच विरत नाही. उद्या कुणाच्यातरी पायात जाईल.’’ म्हणणे अगदी रास्त होते. आम्ही रुमाल पुन्हा खिशात ठेवला. खोलीवर परत येऊन ओले कपडे बदलताना खिशातल्या साऱ्या वस्तू पलंगाशेजारच्या खणात ठेवल्या. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि खोली सोडण्याची वेळ झाल्याचे सांगायला पोरगा दोनदा येऊन गेला होता. पाकीट घेतले, किल्ल्या घेतल्या. रुमाल खणाच्या मागच्या कडेला सरकला असावा.

संध्याकाळी घरी आलो. पाय धुऊन आत येतो न येतो तोच आईने विचारले, ‘‘चष्मा सोडलात ना?’’ धाकट्या बंधूंनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि ‘‘हो,’’ म्हणून टाकले. आम्ही गप्प राहिलो. आमच्या समजुतीप्रमाणे चष्मा तेव्हा आमच्या पिशवीत होता. चार दिवसांनी, आई जरा सावरली की सारे सांगू, असा विचार होता. रात्री पिशवी उपसली. मग दुसरी पिशवी, मग गाडी. तेव्हा आमच्या ध्यानात आले की चारही ‘ख’ आम्ही विसरलो होतो. तेही त्या मंत्राचा कर्ता ज्या प्रवासात कलशातून आमच्यासोबत आला होता, त्या प्रवासात.

तेरावे-चौदावे होऊन पाहुणे पांगल्यावर, आई शेजारी गेलेली पाहून, आम्ही लॉजवर फोन लावला. व्यवस्थापक वयस्कर असावेत. आवाजात घाई नव्हती. चष्मा राहिला आहे, असे आम्ही सांगितले.

‘‘साहेब, चष्मे इथे पाच आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘क्रियाकर्माला येणाऱ्यांत म्हातारी माणसं फार. तुमचा कसा आहे?’’

‘‘काळ्या फ्रेमचा. रुमालात गुंडाळलेला होता. पलंगाशेजारच्या खणात.’’

‘‘रुमाल कपड्यांत धुवायला जातात, ते कुणी ठेवत नाही. वहीत तारीख आहे, ‘चष्मा’ असंही लिहिलंय, पण पाचांतला कुठला ते वहीला कसं कळणार? काळे तर तीन आहेत. काचा साध्या का बायफोकल?’’

आम्ही थांबलो. बायफोकल असाव्यात. अण्णा त्याच चष्म्याने वर्तमानपत्र वाचत आणि त्याच चष्म्याने बस ओळखत. पण वाचताना ते चष्मा कपाळावर चढवत की नाकाच्या शेंड्यावर आणत?

‘‘नंबर काय?’’ पलीकडून विचारणा झाली. ‘‘बरं, काही खूण? तुटलेला, चिकटवलेला?’’

‘‘चौकशी करून पुन्हा फोन करतो,’’ असे म्हणून आम्ही फोन ठेवला. आपल्या वडिलांच्या चष्म्याविषयी चौकशी करून!

त्या गृहस्थांवर आम्ही अर्धा दिवस चिडलो होतो. एका मेलेल्या माणसाच्या जुन्या चष्म्यासाठी इतकी उलटतपासणी? तीनही काळे चष्मे कुरियरने पाठवून दिले असते तर काय बिघडले असते? राग ओसरल्यावर कळले की बिघडले असते ते उरलेल्या दोघांचे. ते दोन चष्मेही कुणाच्या तरी अण्णांचे होते.

या बाबतीत आमचा कायदाही त्या व्यवस्थापकांच्याच बाजूचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७१ वे कलम सांगते की, दुसऱ्याची वस्तू सापडली आणि ती ताब्यात घेतली, की विश्वासाने सोपवलेली ठेव सांभाळणाऱ्यावर जी जबाबदारी असते तीच सापडणाऱ्यावर येते. न उचलण्याची मुभा त्याला आहे. उचलून निष्काळजी राहण्याची नाही. वस्तू जपण्यासाठी आणि मालक शोधण्यासाठी स्वतःहून केलेल्या खर्चासाठी त्याला मालकावर दावा लावता येत नाही, पण तो खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून धरता येते. पोरांच्या भांडणात ‘ज्याला सापडले त्याचे’ हा न्याय चालतो, कायद्यात नाही.

याहून जुना आधार आम्हाला अनपेक्षित जागी मिळाला. मनुस्मृतीतल्या पुष्कळ गोष्टींशी आमचे भांडण आहे आणि ते मिटण्यासारखे नाही. पण तिच्या आठव्या अध्यायात बेवारस सापडलेल्या वस्तूंविषयीची तरतूद वाचताना आम्ही चपापलो. अशी वस्तू राजाने तीन वर्षे सांभाळावी. कुणी येऊन ‘ही माझी’ म्हणाला तर त्याची रीतसर विचारपूस करावी. वस्तूचे रूप, संख्या इत्यादी त्याने बरोबर सांगितले तरच ती त्याला मिळावी. आणि ती कुठे, कधी हरवली, तिचा रंग, आकार, माप काय, हे ज्याला सांगता येत नाही, त्याला त्या वस्तूच्या किमतीइतका दंड करावा. संख्या म्हणजे किती नग, हे आम्हालाही समजते. तरी त्या रात्री तो शब्द वाचताना आमच्या कानात ‘नंबर काय’ हाच प्रश्न वाजत होता. दंडास आम्ही पात्र होतो. आम्हाला स्थळ आणि काळ माहीत होता. रूप माहीत नव्हते.

मालकी म्हणजे कब्जा, किंवा मालकी म्हणजे पावती, अशी आमची तोपर्यंतची समजूत होती. आपल्या हातातून सुटलेल्या वस्तूची पावती नसते आणि कब्जा तर नसतोच. मग उरते ते एवढेच, की ती आपल्याकडे होती तेव्हा आपण तिच्याकडे पाहिले होते का?

आईला विचारल्याशिवाय खूण कळणे शक्य नव्हते, आणि आईला विचारायचे तर धाकट्याचे ‘हो’ आणि आमचे मौन, दोन्ही उघडे पडणार. म्हणून आम्ही आडमार्ग धरले. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेलो; अण्णा त्यांच्याकडे शेवटचे कधी आले होते, हे त्यांना आठवेना आणि दप्तरात नोंद नव्हती. मग फोटो काढले. चाळीस वर्षांचे अल्बम पुढ्यात घेऊन बसलो, आणि एक गोष्ट लक्षात आली जी इतक्या वर्षांत कधी आली नव्हती : फोटो काढताना अण्णा चष्मा काढून ठेवत. काचेवर फ्लॅश चमकतो, असे त्यांचे म्हणणे असे. मुंजीत, लग्नात, निवृत्तीच्या समारंभात, सगळीकडे अण्णा किंचित डोळे बारीक करून, आपल्याला नीट न दिसणाऱ्या कॅमेऱ्याकडे पाहत उभे. भिंतीवर हार घातलेला फोटोही चष्म्याविनाच होता.

याच सुमारास आमचे वाचन, मुद्दाम ठरवले नसता, अशा मागे राहिलेल्या सामानाभोवती घोटाळू लागले. जर्मन ज्यू समीक्षक वॉल्टर बेन्यामिन यांची हकिकत आम्हाला पूर्वीपासून ठाऊक होती, पण ती आता निराळी वाचली गेली. नाझींच्या तावडीतून सुटण्यासाठी १९४० च्या सप्टेंबरात ते फ्रान्समधून पायवाटेने डोंगर ओलांडून स्पेनच्या हद्दीवरच्या पोर्तबू या गावी आले. हृदय कमकुवत, हातात जड चामडी बॅग. तिच्यातले हस्तलिखित आपल्या जिवापेक्षा मोलाचे आहे, असे ते वाटाड्या बाईंना म्हणाले होते. गावात पोहोचल्यावर कळले की त्यांना परत फ्रान्समध्ये धाडले जाणार आहे. तिथल्या एका हॉटेलच्या खोलीत २६ सप्टेंबरला त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी मॉर्फीन घेतले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मग स्थानिक न्यायालयाने खोलीतल्या वस्तूंची नोंद केली. एक चामडी बॅग, एक घड्याळ, एक पाइप, सहा छायाचित्रे, एक क्ष-किरण चित्र, चष्मा, काही मासिके, काही पत्रे, थोडे पैसे आणि मजकूर अज्ञात असलेले काही कागद.

या यादीतला शेवटचा नग काय होता, यावर जगभरचे अभ्यासक आजवर तर्क लढवत आले आहेत. ते हस्तलिखित कधीच सापडले नाही. आमचे लक्ष मात्र चष्म्यावर थांबले. कारकुनाने ‘चष्मा’ एवढेच लिहिले. त्याला त्याहून अधिक लिहिण्याचे कारण नव्हते आणि ‘कसा होता’ हे सांगणारे त्या गावात कुणी उरलेले नव्हते. नावाचीही उलटापालट झाली. दप्तरात आडनावाच्या जागी नाव आणि नावाच्या जागी आडनाव गेले आणि ‘बेन्यामिन वॉल्टर’ म्हणून त्यांचे दफन कॅथलिक स्मशानभूमीत झाले. वस्तूंचे वर्णन परक्याच्या हाती पडले, की त्या अशा सामान्यनाम होऊन बसतात. आणि कधी कधी माणूसही.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातले पनामा हॉटेल आहे. १९१० साली बांधलेले हे हॉटेल तिथल्या जपानी वस्तीचे ठिकाण होते. तळघरात जपानी धर्तीचे सार्वजनिक स्नानगृहही होते. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक आदेश काढला आणि त्यान्वये पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत धाडण्यात आले. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. बरोबर नेण्याची मुभा एवढीच, की जेवढे स्वतःला उचलता येईल तेवढे. अण्णांच्या भाषेत, प्रत्येकी दोन हातांत दोन डाग. बाकीच्याचे काय करायचे? सिअ‍ॅटलच्या काही कुटुंबांनी आपल्या पेट्या आणि गाठोडी या हॉटेलच्या तळघरात ठेवली. हॉटेलचे मालक स्वतः जपानी होते. तेही छावणीत गेले आणि युद्धानंतर परतले. ठेवणाऱ्यांपैकी कित्येक मात्र परतले नाहीत. कुणी वारले, कुणी दुसऱ्या गावी स्थायिक झाले, कुणाला परत आणण्यासारखे घरच उरले नाही. हॉटेल १९८० च्या दशकात दुसऱ्या मालकिणीकडे आले तेव्हाही ते सामान तळघरात होते. तिने ते फेकले नाही, विकले नाही. तिथल्या चहाच्या दुकानात जमिनीला एक काच बसवली, म्हणजे वर चहा पिणाऱ्याला खालच्या पेट्या दिसाव्यात.

हे लोक विसरभोळे नव्हते. कुठल्या पेटीत काय आहे, हे त्यांना तोंडपाठ असणार. सक्तीने सोडून द्यावे लागणारे घर माणूस फार बारकाईने पाहून घेतो. तिथे वर्णन होते, पण वर्णन करायला येणारे पाय नव्हते. आमच्याकडे पाय होते. पुणे-नाशिक अंतर सव्वादोनशे किलोमीटरही नाही. नव्हते ते वर्णन. दोहोंपैकी कोणती उणीव अधिक लाजिरवाणी, हे ठरवायला आम्हाला वेळ लागला नाही.

आणखी एक नोंद इथे करावीशी वाटते. सोफी काल या फ्रेंच कलावतीने १९८१ साली व्हेनिसच्या एका हॉटेलात तीन आठवडे खोल्या साफ करण्याची नोकरी पत्करली आणि प्रवासी बाहेर गेले असताना त्यांच्या वस्तूंची छायाचित्रे काढली. कोण कुठल्या कुशीवर झोपतो, कचऱ्याच्या टोपलीत कुठली चिठ्ठी फाडून टाकतो, हे सारे टिपले. हा आगंतुकपणा आम्हाला आजही मान्य होत नाही. परंतु तिने दाखवलेली एक गोष्ट नाकारता येत नाही : खोली झाडणाऱ्याला आपल्या वस्तू आपल्यापेक्षा जास्त दिसतात. त्याला त्या प्रथमच दिसत असतात आणि आपण त्या पाहणे केव्हाच सोडून दिलेले असते. पंचवटीतल्या त्या पोराने खण उघडून रुमाल सोडवला, तेव्हा त्याने अण्णांचा चष्मा जितका पाहिला असेल, तितका आम्ही पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. आणि अण्णांनी दर मुक्कामी एकटे परत जाऊन जे केले, ते दुसरे काय होते? जी खोली आपण दोन दिवस वापरून पाहेनाशी झालो, तिच्याकडे निघताना एकदा, झाडणाऱ्याच्या आधी, स्वतः पाहून घेणे.

जानेवारीत एका दुपारी आम्ही आईजवळ जाऊन बसलो आणि सारे सांगितले. गुरुजींचा आडवा हात, खण, धाकट्याचे ‘हो’, आमचे गप्प बसणे, फोन. आई गव्हातले खडे निवडत होती. तिचा हात थांबला नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारले,

‘‘मग त्यांनी काय विचारलं म्हणालास?’’

‘‘काही खूण आहे का.’’

‘‘डाव्या काडीला बिजागरीपाशी निळा दोरा गुंडाळलाय. गोधडी शिवायचा. स्क्रू पडला होता, दुकानात जायचा कंटाळा केला, मीच गुंडाळून दिला गणपतीच्या आधी. उजव्या काचेला खाली बारीक टवका आहे. आणि नाकावरची एक पेटली पिवळी पडलीय, एक नवी आहे.’’

एवढे सांगून ती उठली. आम्हाला वाटले, आता ती आत जाऊन दार लावून घेणार. ती कपाटापाशी गेली आणि चष्म्याचे घर घेऊन आली. तपकिरी, कडेला शिवण उसवलेले. ते दीड महिना तिच्याचपाशी रिकामे होते.

‘‘हे घेऊन जा,’’ ती म्हणाली. ‘‘रुमालात आणू नका. काचेला चरे पडतात.’’

खोटे बोलण्याविषयी ती त्या दिवशी काही बोलली नाही, नंतरही नाही.

लॉजचे व्यवस्थापक प्रत्यक्षात आवाजाहून म्हातारे निघाले. त्यांनी एक लाकडी कपाट उघडले. त्यात जपमाळा होत्या, लोकरी टोप्या होत्या, चार्जरांचा एक गुंता होता, पोथ्या होत्या, एक कुबडी होती आणि प्लॅस्टिकच्या डबीत दातांची एक कवळी होती. कुबडी विसरून माणूस चालत कसा गेला असेल, हा प्रश्न आम्ही गिळला. त्यांनी चष्म्यांचा पत्र्याचा डबा काढला, पण आमच्यापुढे न ठेवता आपल्याकडे वळवून धरला.

‘‘सांगा.’’

आम्ही सांगितले. निळा दोरा म्हणताच त्यांनी विचारले, ‘‘कुठल्या काडीला?’’

‘‘डाव्या.’’

मग त्यांनी चष्मा बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी दिला. आम्ही पैशांचे विचारले तेव्हा त्यांनी फक्त वही पुढे केली. तारीख, वस्तू आणि मालकाची सही, असे तीन रकाने पट्टीने आखलेले होते. तिसरा रकाना पानोपान जवळजवळ कोराच होता. आम्ही सही केली. ‘मालक’ या शब्दाखाली सही करताना हात किंचित अडखळला; मालकीण घरी होती आणि वर्णन तिचे होते. पोराला आम्ही जाताना काही देऊ केले, ते त्याने घेतले, आणि बरे झाले.

त्याच संध्याकाळी आईने चष्मा पदराने पुसून घरात ठेवला आणि ते घर कपाटाच्या खणात. नदीत सोडण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही तो तिच्याकडून मागून घेऊन चष्मेवाल्याकडे नेला. काचेचा नंबर मोजायचे यंत्र त्यांच्याकडे असते. काच खाली धरली की नंबर समजतो, माणूस समोर असावा लागत नाही. कशासाठी हवा आहे, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, कुणी विचारले तर सांगता यावा. उजवा उणे सव्वातीन. डावा उणे पावणेतीन. वाचायला अधिक अडीच.